इंग्रजी शिकवायला शिकताना: प्रशिक्षणाची तयारी, कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

इतर भाषकांना इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणात अडखळणारे बहुतेक जण इंग्रजीत कच्चे नसतात. ते कामाच्या क्रमात चुकतात. अभ्यासक्रम निवडताना ते आधी प्रमाणपत्राचे नाव पाहतात आणि प्रत्यक्ष शिकवायला किती मिळणार हे शेवटी विचारतात. पाठ तयार करताना आधी खेळ आणि चित्रे शोधतात आणि उद्दिष्ट मात्र रात्री उशिरा, टाचणातला, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यातला, रकाना रिकामा दिसतो म्हणून भरतात. वर्गात आधी कागद वाटतात आणि मग सूचना देतात. पुढील टप्पे हा क्रम सुलटा करण्यासाठी मांडले आहेत. उदाहरणादाखल प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचे दोन सर्वपरिचित प्रारंभिक अभ्यासक्रम धरले आहेत: केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्टटीसॉल. अन्य अभ्यासक्रम करणाऱ्यांनाही पाठाच्या तयारीचा भाग जसाच्या तसा लागू पडेल.

## १. अभ्यासक्रम निवडणे

‘टेफल’ (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवणे) आणि ‘टीसॉल’ (इतर भाषकांना इंग्रजी शिकवणे) ही कोणा एका संस्थेच्या मालकीची नावे नाहीत. ती या क्षेत्राची नावे आहेत आणि कोणीही ती आपल्या प्रमाणपत्रावर छापू शकतो. त्यामुळे ‘१२० तासांचे टीसॉल प्रमाणपत्र’ एवढ्या वर्णनावरून हाती काहीच लागत नाही; ते तास प्रशिक्षकासमोर बसून झालेले असतील किंवा घरी संगणकावर बहुपर्यायी प्रश्न सोडवूनही झालेले असतील.

सेल्टामध्ये प्रशिक्षकांबरोबरचे किमान १२० तास असतात आणि त्याखेरीज वाचन, स्वाध्याय व पाठांची तयारी यांसाठी स्वतःचे किमान ८० तास धरावे लागतात. त्यात ६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते, तेही किमान दोन वेगळ्या पातळ्यांच्या वर्गांना, आणि अनुभवी शिक्षकांच्या पाठांचे ६ तास निरीक्षण करायचे असते. सर्टटीसॉलमध्येही ६ तास शिकवायचे असते; शिवाय तेथे प्रशिक्षणार्थींना एक पूर्णपणे अनोळखी भाषा काही तास शिकवली जाते आणि त्या अनुभवावर लिहावे लागते. कानावर पडणारा एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हेही उमगत नसताना विद्यार्थ्याची काय अवस्था होते, हे त्या तासांत जसे कळते तसे कोणत्याही व्याख्यानातून कळत नाही.

शुल्क भरण्यापूर्वी संस्थेला लेखी विचारावे:

- प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती, आणि समोर खरे विद्यार्थी असतात की सहप्रशिक्षणार्थीच विद्यार्थ्यांची भूमिका करतात?
- प्रत्येक पाठ प्रशिक्षक पाहतो का, आणि त्यावर लेखी अभिप्राय मिळतो का?
- मूल्यमापनाची पडताळणी करायला बाहेरचा परीक्षक येतो का?

या प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले नाही, तर तेथेच थांबावे. ऑनलाइन अभ्यासक्रम आपोआप कमी दर्जाचा ठरत नाही. समोर खरे विद्यार्थी आणि पाहणारा प्रशिक्षक असेल, तर तो अभ्यासक्रम खरा आहे.

सावधान: पूर्णवेळ सेल्टा साधारण ४ ते ५ आठवड्यांत संपतो. त्या काळात नोकरी, घरातले कार्य किंवा प्रवास जमेस धरू नये. संध्याकाळी दोन तास मोकळे मिळतील एवढ्या भरवशावर आलेली माणसे दुसऱ्या आठवड्यातच मागे पडतात. ज्यांना काम सोडता येत नाही त्यांनी काही महिन्यांचा अर्धवेळ अभ्यासक्रम घ्यावा. प्रमाणपत्र तेच मिळते.

## २. अर्ज आणि मुलाखत

अर्जासोबत भाषेविषयी एक छोटी प्रश्नपत्रिका सोडवायला देतात. तीत वाक्यांच्या जोड्या देऊन फरक विचारलेला असतो, उदाहरणार्थ ‘आय लिव्ह्ड देअर फॉर टू इयर्स’ आणि ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स’. येथे ‘एक साधा भूतकाळ, दुसरा पूर्ण वर्तमानकाळ’ असे लिहून थांबू नये. ते केवळ नाव झाले. पहिल्या वाक्यातील माणूस आता तेथे राहत नाही आणि दुसऱ्यातील अजून येथेच राहतो, हा अर्थातला फरक लिहिला, तर वाचणाऱ्याला उमेदवारात शिक्षक दिसतो. संदर्भग्रंथ पाहण्यास हरकत नसते, पण उत्तर स्वतःच्या शब्दांत असावे. मुलाखतीत त्याच उत्तरावर पुढचा प्रश्न येतो.

इंग्रजी मातृभाषा असणे ही अट नाही. भाषाप्रभुत्व मोजण्याच्या युरोपच्या सामायिक चौकटीत ए१ ते सी२ अशा ६ पातळ्या आहेत आणि सेल्टासाठी वरच्या टोकाची, म्हणजे सी१ किंवा सी२ पातळीची भाषा अपेक्षित असते. नंतर शिकून ती भाषा मिळवलेल्या उमेदवाराला येथे एक फायदाही असतो: तो नियम एकदा स्वतः शिकलेला असतो.

## ३. अभ्यासक्रमापूर्वीचे सहा आठवडे

वर्ग सुरू झाल्यावर व्याकरण शिकण्यास वेळ मिळत नाही. हे काम आधीच संपवावे लागते आणि ते टाळणाऱ्यांची संख्या मोठी आहे, कारण ‘मला इंग्रजी येते’ हा विश्वास आड येतो. भाषा येणे आणि ती उलगडून सांगता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘मी पत्र लिहिले’ आणि ‘मी चिठ्ठी लिहिली’ हे आपण न अडखळता म्हणतो, पण लिहिणारा तोच असताना क्रियापद का बदलले, हे परभाषक विद्यार्थ्याला दोन वाक्यांत सांगायची वेळ आली, तर आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे का, या प्रश्नावर तर बहुतेकांना असा फरक आहे हेच प्रथम लक्षात येते. इंग्रजीबाबत नेमकी हीच अवस्था वर्गात फळ्यासमोर होते.

पहिले चार आठवडे व्याकरणासाठी ठेवावेत. एक वही करून काळांची १२ रूपे, साहाय्यक क्रियापदे, संकेतार्थी वाक्ये, आर्टिकल्स (ए, ॲन, द) आणि संबंधी उपवाक्ये यांना प्रत्येकी एक पान द्यावे. प्रत्येक पानावर तीनच मथळे असावेत: अर्थ, रूप, उच्चार. व्याख्या उतरवून घेऊ नयेत. अर्थाच्या मथळ्याखाली एक खरे वाटणारे वाक्य आणि ते कोणत्या प्रसंगी कोण म्हणेल एवढेच लिहावे. मराठीत आर्टिकल्स नाहीत, म्हणून त्या पानाला दुप्पट वेळ द्यावा.

उरलेले दोन आठवडे ध्वनींसाठी. प्रमाण ब्रिटिश उच्चारात साधारणतः ४४ ध्वनी मानले जातात, २० स्वर आणि २४ व्यंजने, आणि त्यांची चिन्हे वाचता-लिहिता आली पाहिजेत. आपली वर्णमाला मुळातच उच्चारस्थानांनुसार, कंठापासून ओठांकडे, लावलेली असल्याने जीभ कोठे टेकते याचा विचार आपल्याला परका नाही. त्याचा उपयोग करावा. इंग्रजी टी आपल्या त आणि ट यांच्या मधल्या जागी, वरच्या हिरडीवर उमटतो. व्ही आणि डब्ल्यू या दोहोंचे काम आपण एकाच व वर भागवतो, पण व्हीमध्ये वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि डब्ल्यूमध्ये फक्त ओठ गोल होतात. यापेक्षाही महत्त्वाचा भाग आघाताचा आहे. आपण शब्दातली अक्षरे बरीचशी सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची आखडून पुसट अ सारखी होतात. हा पुसट स्वर कानाला ऐकू येऊ लागल्याखेरीज विद्यार्थ्यांच्या श्रवणातल्या अडचणी समजत नाहीत.

पडताळा: वहीतले कोणतेही पान उघडावे आणि इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसाला ते रूप कसे पोहोचवता येईल, हे व्याकरणाची एकही संज्ञा न वापरता मोठ्याने सांगून पाहावे. अडखळलात, तर ते पान पुन्हा करावे.

## ४. पाठाची आखणी शेवटाकडून सुरू करणे

सरावपाठ सहसा ४० ते ६० मिनिटांचा असतो. विषय हाती आल्यावर पहिली ओढ ‘सुरुवात कशी करू?’ या प्रश्नाकडे असते. ती आवरावी. आखणी पुढील क्रमाने करावी:

1. पाठ संपताना विद्यार्थ्यांना काय करता आले पाहिजे, हे एका वाक्यात लिहावे.
2. ते करता येते हे दाखवणारी शेवटची कृती ठरवावी.
3. त्या कृतीसाठी कोणती भाषा लागेल याची पूर्ण उकल करावी.
4. तिथवर नेणारा नियंत्रित सराव तयार करावा.
5. भाषा ज्यातून पुढे येईल तो प्रसंग किंवा उतारा निवडावा.
6. सुरुवातीची पाच मिनिटे सर्वांत शेवटी आखावीत.

उद्दिष्ट लिहिताना ‘यूज्ड टू शिकवणे’ असे लिहू नये. ते शिक्षकाचे काम झाले. ‘लहानपणीच्या आणि आताच्या सवयींची तुलना करताना विद्यार्थ्यांना यूज्ड टू वापरता येईल’ असे लिहिले की शेवटची कृती त्या वाक्यातच सापडते: दहा वर्षांपूर्वीचे आपण आणि आजचे आपण यांविषयी जोडीदाराशी बोलायचे, आणि दोघांत सारखे काय होते ते वर्गाला सांगायचे. ‘सारखे काय’ हा शोध जोडलेला असावा, नाहीतर एक बोलतो आणि दुसरा खिडकीबाहेर पाहतो.

पहिला सरावपाठ मी याच्या उलट क्रमाने रचला होता. जुन्या छायाचित्रांची सुंदर मांडणी केली, त्यांवर १८ मिनिटे गप्पा रंगल्या, आणि ज्या कृतीसाठी पाठ होता तिला ३ मिनिटे उरली. प्रशिक्षकांनी अभिप्रायात एकच प्रश्न लिहिला: विद्यार्थी आज काय घेऊन घरी गेले? उत्तर माझ्यापाशी नव्हते.

## ५. भाषेची उकल: अर्थ, रूप, उच्चार आणि अडचणींचा अंदाज

टाचणातला हा भाग सर्वांत कमी वेळात उरकला जातो आणि गुण येथेच जातात. ‘यूज्ड टू’चेच उदाहरण जवळून पाहू. नमुन्याचे वाक्य: ‘ही यूज्ड टू प्ले द व्हायोलिन’.

अर्थ: भूतकाळातली सवय किंवा स्थिती, जी आता राहिलेली नाही. मराठीत ‘तो व्हायोलिन वाजवायचा’ हे रूप याच्या अगदी जवळचे आहे, म्हणून मराठी भाषक प्रशिक्षणार्थीला अर्थ लगेच पटतो. पण वर्गात बसलेल्यांची भाषा मराठी नसेल आणि एकाच वर्गात चार भाषांचे विद्यार्थीही असतील, तेव्हा भाषांतराच्या आधारावर पाठ रचता येत नाही.

रूप: कर्ता, यूज्ड टू, क्रियापदाचे मूळ रूप. नकारात ‘डिडन्ट यूज टू’ आणि प्रश्नात ‘डिड यू यूज टू’, म्हणजे लिहिताना यूज्डमधला शेवटचा डी गळतो.

उच्चार: येथे स हा स च राहतो, झ होत नाही, आणि डी वेगळा ऐकू येत नाही; सारे मिळून ‘यूस्ट’ आणि त्याला चिकटलेला पुसट अ एवढेच कानावर पडते. म्हणूनच विद्यार्थी होकारार्थी वाक्यातही डी लिहायला विसरतात.

अडचणी: काही विद्यार्थी सध्याच्या सवयीसाठी ‘आय यूज टू गेट अप ॲट सिक्स’ म्हणतील. काही एकदाच घडलेल्या गोष्टीसाठी ‘आय यूज्ड टू गो टू द डेंटिस्ट येस्टरडे’ म्हणतील. काहींची गल्लत ‘आय ॲम यूज्ड टू इट’शी होईल. टाचणात प्रत्येक अडचणीपुढे त्याच क्षणी वापरता येईल असा उपाय लिहावा. ‘पुन्हा समजावून सांगेन’ हा उपाय नव्हे. ‘फळ्यावर कालरेषा काढून काल या एका ठिकाणी एक फुली आणि सवयीसाठी फुल्यांची रांग दाखवेन’ हा उपाय झाला.

आता तपासणीचे प्रश्न. ‘समजले का?’ या प्रश्नाला वर्ग नेहमी होच म्हणतो, कारण नाही म्हणण्यात संकोच असतो, आणि न समजलेल्यालाही आपल्याला समजले असेच वाटत असते. त्याऐवजी अर्थाचे तुकडे करून, होय-नाही किंवा एका शब्दात उत्तर येईल असे प्रश्न विचारावेत. वरील वाक्यासाठी तीन पुरे: ‘डज ही प्ले नाऊ?’ उत्तर नो. ‘डिड ही प्ले इन द पास्ट?’ उत्तर येस. ‘वन्स, ऑर मेनी टाइम्स?’ उत्तर मेनी टाइम्स.

सावधान: तपासणीच्या प्रश्नात शिकवायचे रूपच वापरू नये. ‘डिड ही यूज टू प्ले?’ या प्रश्नाला बरोबर उत्तर देणाऱ्याला अर्थ कळला असेलच असे नाही. प्रश्नाची भाषा शिकवायच्या भाषेपेक्षा सोपी असावी. हे प्रश्न वर्गात उभ्या-उभ्या सुचत नाहीत. ते उत्तरांसह टाचणात शब्दशः लिहून न्यावेत.

फळ्यावरचा क्रमही ठरलेला असावा: आधी अर्थ तपासावा, मग वाक्य ऐकवून वर्गाकडून म्हणवून घ्यावे, आणि त्यानंतर ते फळ्यावर लिहावे. आधी लिहिले की विद्यार्थी अक्षरे वाचू लागतात आणि डीचा उच्चार ठासून करतात. म्हणवून घेताना आधी सगळा वर्ग, मग एकेकटा. वाक्य लांब असेल, तर शेवटाकडून जोडत यावे: ‘व्हायोलिन’, ‘प्ले द व्हायोलिन’, ‘यूज्ड टू प्ले द व्हायोलिन’.

## ६. टप्पे आणि वेळ

४५ मिनिटांच्या भाषापाठाची एक चालणारी वाटणी अशी: प्रसंगाची ओळख ५ मिनिटे, उतारा किंवा ध्वनिमुद्रण ८, भाषेची उकल १०, नियंत्रित सराव ८, मोकळा सराव १०, अभिप्राय ४. हे आकडे पवित्र नाहीत, पण शेवटचे १४ मिनिटे कोणत्याही कारणाने कापू नयेत. वेळ कमी पडू लागली, तर काय गाळायचे हेही आधीच ठरवून टाचणात खूण करून ठेवावी.

नियंत्रित सरावाच्या आठ वाक्यांत दोन-तीन वाक्ये अशी असावीत की जेथे यूज्ड टू चालत नाही आणि साधा भूतकाळच लागतो. सगळ्या रिकाम्या जागांत एकच उत्तर बसत असेल, तर विद्यार्थी न वाचता भरतात आणि शिक्षकाला खोटा दिलासा मिळतो. प्रत्येक कागद आदल्या रात्री स्वतः विद्यार्थी होऊन सोडवावा. एका प्रश्नाला दोन उत्तरे निघतात हे वर्गात कळण्यापेक्षा तेव्हा कळलेले बरे.

वाचन किंवा श्रवणाच्या पाठाची रचना निराळी. आधी विषयाची ओळख करून द्यावी, मग ज्यांच्याविना उताऱ्याला हातच घालता येणार नाही असे चार-पाच शब्द, त्यानंतर एकूण आशयाचा एक सोपा प्रश्न, मग तपशिलाचे प्रश्न, आणि शेवटी विषयावर बोलणे. प्रश्न नेहमी उतारा वाचण्याच्या आधी द्यावा, म्हणजे कशासाठी वाचायचे ते कळते. यात एकच चूक वारंवार दिसते: पंधरा अवघड शब्द आधीच शिकवले जातात आणि वाचनाचा पाठ शब्दार्थाचा होऊन बसतो.

पडताळा: टाचणातला ‘शिक्षक काय करतो’ हा रकाना हाताने झाकावा आणि फक्त ‘विद्यार्थी काय करतात’ हा रकाना वाचावा. तेथे ‘ऐकतात’ हा शब्द तीनदा आला, तर आखणी बदलावी.

## ७. प्रत्यक्ष वर्गात

सूचनांचा क्रम असा ठेवावा: जोड्या किंवा गट आधी लावावेत, लक्ष आपल्याकडे आल्याची खात्री करावी, दोन-तीन छोट्या आज्ञार्थी वाक्यांत काम सांगावे, पहिले उदाहरण एका विद्यार्थ्यासह करून दाखवावे, एखाद्या प्रश्नाने तपासावे, उदाहरणार्थ ‘आर यू रायटिंग ऑर स्पीकिंग?’, आणि मग कागद वाटावा. कागद हातात पडला की डोळे कागदात जातात, आणि त्यानंतरची सूचना हवेत विरते. सूचनाही लिहून, पाठ करून न्याव्यात. ‘सो व्हॉट आय वुड लाइक यू टू डू इज’ अशी सौजन्याची लांबण नवशिक्या विद्यार्थ्याला आडरानात नेते, ‘रीड. आन्सर द क्वेश्चन्स. टू मिनिट्स.’ यात उद्धटपणा काही नाही.

माहिती देण्याआधी ती वर्गाकडून वदवून घेण्याचा प्रयत्न करावा, पण त्याचे कोडे होऊ देऊ नये. दोन संकेत देऊनही शब्द आला नाही, तर शब्द सांगून पुढे जावे. ‘माझ्या मनात कोणता शब्द आहे?’ हा खेळ दोन मिनिटे चालला की वर्गाचा जीव जातो.

जोड्या बोलत असताना शिक्षकाने फळ्याशी उभे राहून वेळ पाहू नये आणि प्रत्येक जोडीत वाकून दुरुस्त्याही करू नयेत. वही घेऊन फिरावे, कानावर आलेली पाच-सहा वाक्ये टिपावीत, आणि कृती संपल्यावर ती नावाविना फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांनाच दुरुस्त करू द्यावीत. त्यात एक-दोन वाक्ये बरोबरही असावीत, म्हणजे नुसती चूक शोधण्याची सवय लागत नाही आणि कोणाचे तरी चांगले वाक्य फळ्यावर जाते. नियंत्रित सरावात मात्र चूक तिथल्या तिथे पकडावी. बोटांवर शब्द मोजून दाखवून चुकीच्या शब्दाचे बोट हलवले, तरी बहुतेकदा विद्यार्थी स्वतःच सुधारतो.

सावधान: प्रश्न विचारल्यावर येणारी शांतता भरून काढू नये. मनात पाचपर्यंत मोजावे. परभाषेत उत्तर जुळवायला तेवढा अवधी लागतोच, आणि नेमक्या त्याच क्षणी शिक्षक बोलू लागतो.

## ८. निरीक्षण आणि अभिप्राय

दुसऱ्यांचे पाठ पाहताना ‘छान वाटले’ अशी नोंद निरुपयोगी आहे. प्रत्येक निरीक्षणासाठी एकच गोष्ट निवडावी. एका दिवशी फक्त सूचना शब्दशः उतरवाव्यात. दुसऱ्या दिवशी फक्त शिक्षक किती मिनिटे बोलला ते मोजावे. मोजलेले आकडे सहकाऱ्याला दाखवले की तोही दुखावत नाही, कारण त्यात मत नसते.

स्वतःच्या पाठानंतर, प्रशिक्षकांचा अभिप्राय ऐकण्याआधी, आत्मपरीक्षण लिहून काढावे. येथे दोन टोके दिसतात: ‘सगळे वाईट झाले’ असे म्हणून मोकळे होणारे आणि प्रत्येक मुद्द्याला ‘पण वेळ कमी होता’ असे उत्तर देणारे. दोघांनाही पुढचा पाठ सुधारता येत नाही. काय घडले, त्याचा विद्यार्थ्यांवर काय परिणाम दिसला आणि पुढच्या वेळी नेमके काय बदलणार, अशी तीन वाक्ये पुरेशी आहेत. पुढच्या टाचणाच्या शिरोभागी मागच्या अभिप्रायातले दोनच मुद्दे वैयक्तिक उद्दिष्टे म्हणून लिहावेत. प्रशिक्षक आधी तेच वाचतात, आणि एकच उणीव तीन पाठांत तशीच दिसली, तर तिचे वजन पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक होते.

## ९. लेखी स्वाध्याय

सेल्टात चार स्वाध्याय असतात, प्रत्येकी ७५० ते १००० शब्दांचे, आणि प्रत्येक एकदाच सुधारून पुन्हा देता येतो. परत आलेले स्वाध्याय बहुधा भाषेमुळे परत येत नाहीत. प्रश्नाच्या एखाद्या भागाला उत्तरच दिलेले नसते. म्हणून मूल्यमापनाचे निकष मथळे म्हणून आधी उतरवून घ्यावेत आणि त्यांखाली लिहावे. विद्यार्थ्याचा अभ्यास मागणाऱ्या स्वाध्यायासाठी पहिल्याच आठवड्यात एक बोलका विद्यार्थी पाहून, त्याची परवानगी घेऊन, दहा मिनिटांचे संभाषण ध्वनिमुद्रित करावे. तिसऱ्या आठवड्यात तो वर्गाला येईलच याची खात्री नसते. सर्टटीसॉल करणाऱ्यांनी शैक्षणिक साहित्याच्या स्वाध्यायाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यावर बाहेरून आलेला परीक्षक मुलाखत घेतो आणि साहित्य वर्गात प्रत्यक्ष कसे चालले हे विचारतो. वापरून सुरकुतलेला कागद तेथे सुबक, कोऱ्या कागदापेक्षा उपयोगी पडतो.

## १०. निकालानंतरचे पहिले काम

सेल्टाचा निकाल पास, पास बी, पास ए किंवा नापास असा लागतो. बहुतांश लोक साध्या पासने उत्तीर्ण होतात आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परदेशी नोकरीचा विचार असेल, तर त्या देशाच्या कामाच्या परवान्याला पदवी लागते का, आणि कागदपत्रे कोणत्या पद्धतीने साक्षांकित करून हवीत, हे अर्ज करण्यापूर्वी पाहून घ्यावे. अनेक देशांत पदवीविना नुसत्या या प्रमाणपत्रावर परवाना मिळत नाही.

सरावपाठांची टाचणे आणि त्यांवरचे लेखी अभिप्राय टाकून देऊ नयेत. पहिल्या नोकरीत आठवड्याला २० तास शिकवायचे असते, आणि प्रत्येक तासाला सहा पानी टाचण लिहिणे शक्य नसते. तेव्हा टाचण अर्ध्या पानावर आणावे, पण त्यातून तीन गोष्टी गाळू नयेत: एका वाक्यातले उद्दिष्ट, शेवटची कृती आणि तपासणीचे प्रश्न. पाठ संपल्यावर वर्गातून बाहेर पडण्याआधी त्याच कागदाच्या मागे प्रत्येक टप्प्याला ठरवलेला वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ शेजारी-शेजारी लिहून ठेवावा.